खोत नॉक्स, कूळ मार्टिन: एका शिपायाच्या घरच्या फाईलची नोंदवही

१८ एप्रिल २०२४

मुलीकडे येऊन पंधरा दिवस झाले. बॉस्टनजवळचं उपनगर, रस्त्यावर माणूस दिसत नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यात भूकरमापक होतो, तीस वर्षं. निवृत्त झाल्यावर आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम अंगावर घेतलं, त्यापायी मोडी शिकलो. इथे हाताला काहीच काम नाही. काल मुलगी म्हणाली, "बाबा, दिवसभर खिडकीतून खारी मोजण्यापेक्षा हे बघा," आणि लॅपटॉप पुढ्यात ठेवला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने स्वातंत्र्ययुद्धातल्या शिपायांच्या पेन्शनच्या फायली स्कॅन करून खुल्या केल्या आहेत. ८० हजारांहून जास्त फायली आहेत. त्यातला हस्तलिखित मजकूर टंकून द्यायला स्वयंसेवक लागतात, पैसे मिळत नाहीत. मी नाव घातलं. पहिल्या दिवशी तीन तासांत दीड पान झालं.

पहिली अडचण लांब एस. जुन्या लिहिणाऱ्यांचा 'एस' जोडून आला की पहिला हुबेहूब 'एफ'सारखा दिसतो. 'नेसेसरी'चं मी चार ठिकाणी 'नेसेफरी' केलं आणि शब्दकोशात शोधत बसलो. मोडीतल्या सवयीने शेवटी सुटका झाली: अक्षर सोडायचं, शब्दाचा आकार बघायचा, पुढच्या ओळीतला तोच शब्द शेजारी धरायचा.

२६ एप्रिल

सुटी पानं टंकून कंटाळा आला. आज या माणसाचं पेन्शन, उद्या त्या माणसाचा दाखला, धागा लागत नाही. म्हणून ठरवलं, एकच शिपाई घ्यायचा आणि त्याच्या घराची पूर्ण फाईल मराठीत करायची. जन्म, लग्न, मुलं, जमीन, मरण. कुलवृत्तांतात एका शाखेची करतो तशीच. पुढे कोणाला असं करायचं असेल तर उपयोगी पडावी म्हणून ही वही. चुकाही लिहिणार आहे.

सेनापती घ्यायचा नव्हता. सेनापतींची चरित्रं पायलीला पन्नास. मला हवा होता जमीन कसायला रानात गेलेला साधा माणूस. तसा सापडला: जोसेफ प्लम्ब मार्टिन. जन्म २१ नोव्हेंबर १७६०, बेकेट, मॅसॅच्युसेट्स. वडील एबेनेझर मार्टिन पाद्री, आई सुसॅना प्लम्ब. सातव्या वर्षी आजोळी, कनेटिकटमधल्या मिलफर्डला. जून १७७६ मध्ये पंधराव्या वर्षी सैन्यात. पहिली भरती सहा महिन्यांची, पुढे १७७७ च्या एप्रिलपासून युद्ध संपेपर्यंतची. शेवटी सुरुंग-खंदकवाल्यांच्या तुकडीत सार्जंट. युद्धानंतर आजच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर, पेनॉबस्कॉट नदीच्या मुखाशी १०० एकर जमीन धरून बसला आणि तिथेच २ मे १८५० रोजी वारला.

हे सगळं एका संध्याकाळी मिळालं. मला वाटलं, फाईल पंधरा दिवसांत बंद. बायकोला व्हॉट्सअ‍ॅपवर तसं कळवलंही.

९ मे

अकरा दिवस पाण्यात.

जोसेफ मार्टिन नावाचा दुसरा एक माणूस आहे. तोही त्याच युद्धातला आणि तोही सरहद्दीवर वसाहत करणारा. तो व्हर्जिनियाचा, जन्म १७४०, मिलिशियाचा ब्रिगेडियर जनरल, चेरोकी या मूळ रहिवाशांकडे नेमलेला सरकारी प्रतिनिधी. पॉवेल खोऱ्यात त्याचं ठाणं होतं, मार्टिन्सव्हिल गावाला नाव त्याचंच. १८०८ साली वारला. याची जमीन त्याच्या नावावर आणि त्याची बायकामुलं याच्या घरात असा सगळा गोंधळ मी करून ठेवला होता. लक्षात कसं आलं? माझ्या तक्त्यात मार्टिनला एकाच वर्षी दोन राज्यांत, साधारण हजार मैलांच्या अंतरावर, दोन गावं वसवताना दाखवलं होतं.

आमच्याकडे गणपत रामचंद्र नावाचे तिघे एकाच वाडीत असतात, तेव्हा सातबाऱ्यावर आधी गट नंबर बघायचा, नाव मागाहून, हे मी तीस वर्षं ज्युनियरांना शिकवलं. इथे स्वतःच विसरलो. नवा नियम तक्त्याच्या माथ्यावर लाल शाईने लिहिला: नाव जुळलं म्हणजे काही जुळलं नाही. नाव, गाव आणि पलटण तिन्ही जुळल्याशिवाय कागद फाईलला लावायचा नाही. मार्टिनसाठी पलटण कनेटिकटची आठवी. हाही एक सापळाच: माणूस राहिला मेनमध्ये, मेन तेव्हा मॅसॅच्युसेट्सचा भाग (वेगळं राज्य १८२० साली झालं), पण नोकरी कनेटिकटची. मॅसॅच्युसेट्सच्या शिपायांच्या यादीत शोधाल तर जन्मभर सापडणार नाही.

चौदा पानं फाडली. जावई म्हणाले, "बाबा, संगणकावर फाडायची गरज नसते." माझी वही कागदाची आहे.

१५ मे

मार्टिनने सत्तरीला टेकल्यावर आपल्या युद्धाच्या आठवणी लिहिल्या. १८३० साली मेनमधल्या हॅलोवेल गावी त्या निनावी छापल्या गेल्या. तेव्हा फारशा खपल्या नाहीत. आज मात्र त्या युद्धातल्या साध्या शिपायाचं पोट कसं चालायचं, हे बघायला अभ्यासक तिथेच जातात. मी चार दिवसांत वाचल्या. माणूस विनोदी आणि तिखट.

पोटावरच जास्त लिहिलंय. १७७७ च्या डिसेंबरात व्हॅली फोर्जच्या हिवाळी छावणीकडे जायच्या वाटेवर सरकारने सैन्याला सणाचं जेवण जाहीर केलं. आधीच दोन-तीन दिवसांचा उपास. सणाचं जेवण आलं ते अर्धा गिल तांदूळ आणि एक टेबलचमचा व्हिनेगर. अर्धा गिल म्हणजे किती हे मी स्वयंपाकघरात मोजून बघितलं, साठेक मिलिलिटर. आमच्या तूप वाढायच्या वाटीत बसला आणि वर जागा उरली. तांदूळ नातीने परत डब्यात टाकले. पुढे मॉरिसटाउनच्या छावणीतल्या हिवाळ्यात तर चार दिवस पोटात काही नाही, काठीवरची बर्चची साल कुरतडली, काहींनी जुने जोडे भाजून खाल्ले.

पगार महिना ६ डॉलर आणि दोन तृतीयांश. त्याच्या सांगण्याप्रमाणे ऑगस्ट १७७७ नंतर तो थांबला. मध्ये १७८१ साली, व्हर्जिनियाच्या वाटेवर असताना, एका महिन्याचा रोख मिळाला तेवढाच. युद्ध संपल्यावर हातात प्रमाणपत्रं आली. ती विकून त्याने अंगावर धड कपडे घेतले. भरतीच्या वेळी १०० एकर जमीनही कबूल केलेली. ती द्यायची वेळ आली तेव्हा, तो म्हणतो, आम्हाला झिजलेल्या घोड्यांसारखं मोकळं सोडलं आणि चरायला कुरण कुठलं, हे कोणी सांगितलं नाही.

एक गंमत. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला याच मार्टिनच्या तुकडीने रात्री पुढे होऊन इंग्रजांच्या बुरुजासमोरचं टोकदार लाकडांचं कुंपण कुऱ्हाडींनी तोडलं. आत अडकलेला सेनापती कॉर्नवॉलिस. तोच पुढे १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला, टिपूविरुद्ध मराठ्यांच्या जोडीने लढला आणि १७९३ साली बंगालात कायमधारा घालून जमीनदार पक्के करून गेला. महसूल खात्यात नोकरी केलेल्या माणसाला हे नाव शाळेपेक्षा परीक्षेसाठी जास्त पाठ असतं. खंदकाच्या अल्याड मार्टिन होता, हे मला आज कळलं.

पण फाईलच्या दृष्टीने चार दिवस फुकट. आठवणी १७८४ ला संपतात. न्यूयॉर्ककडे एक हिवाळा शाळामास्तरकी केली, मग मेनला आलो आणि आजवर इथेच आहे, एवढं सांगून गडी मोकळा. बायको लूसी क्लूली, जन्म १७७६. म्हणजे हा शिपाई झाला त्या वर्षी ती जन्मली आणि पुस्तक संपतं तेव्हा आठ वर्षांची आहे. लग्न १७९४. ज्या घराची मला फाईल करायची, ते घर पुस्तकात उभंच राहिलेलं नाही.

२३ मे

गावाचं नाव. यात सहा दिवस गेले, पण यावेळी चूक निम्मीच माझी.

मार्टिन आयुष्यभर एकाच जागी राहिला. जागा हलली नाही, नावं हलली. आधी ती फ्रँकफर्टमध्ये. १७९४ ला प्रॉस्पेक्ट नावाचं गाव वेगळं निघालं. मार्टिन वारल्यावर १८५७ साली प्रॉस्पेक्टमधून स्टॉकटन निघालं, त्याचं १८८९ ला स्टॉकटन स्प्रिंग्ज झालं. मार्टिनची जागा आज स्टॉकटन स्प्रिंग्जच्या हद्दीत येते. प्रॉस्पेक्ट नावाचं गाव शेजारी अजून आहेच, पण त्यात तो नाही.

वर जिल्हाही बदलला. आज तो भाग वॉल्डो काउंटीत आहे. मी वॉल्डोच्या जुन्या दस्तांच्या सूचीत मार्टिन शोधत बसलो. वॉल्डो काउंटी झालीच मुळी १८२७ साली, त्याआधी हा भाग हॅनकॉकमध्ये. म्हणजे मार्टिनच्या जमिनीचा खरा तंटा (तो पुढे लिहिणार आहे), १७९७ ते १८११, सगळा आधीच्या जिल्ह्याच्या नावाखाली. आमच्याकडेही १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा झाल्यावर कणकवलीचा माणूस आजोबांचे कागद मागायला ओरोसला जायचा आणि मग रत्नागिरीला. मीच अशांना उन्हात दोन हेलपाटे घालायला लावलेत.

करणाऱ्याने आधी हे करावं: एका कागदावर आडवी रेघ, तिच्यावर गाव, काउंटी आणि राज्य कुठल्या वर्षी बदललं ते मांडायचं. मगच शोधायला बसायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. मी ते सहा दिवसांनी केलं.

१ जून

जनगणना. इथे दर दहा वर्षांनी, १७९० पासून. मला वाटलं, आता घर सापडलं.

१७९० ते १८४० च्या जनगणनांत फक्त घरच्या कर्त्याचं नाव. बाकी सगळे वयाच्या रकान्यात आकडे. दहाच्या आतले मुलगे इतके, सोळा ते सव्वीसच्या बायका इतक्या. लूसी म्हणजे एका रकान्यातला १. पाच मुलं म्हणजे इकडे २, तिकडे १. मुलांची नावं दुसरीकडून घेतली: जोसेफ १७९९, जुळे नेथन आणि थॉमस १८०३, जेम्स सलिव्हन १८१०, सूझन १८१२. आकड्यांशी ताळा जुळवायला दोन संध्याकाळी लागल्या, कारण रकान्यांच्या वयमर्यादा मधूनच बदलतात आणि मी एकाच मापाने सगळी पानं वाचत होतो.

लग्न १७९४, नोंदलेलं पहिलं मूल १७९९. मग जुळ्यांनंतर सात वर्षं काही नाही. कुलवृत्तांतात अशा जागी आम्ही 'अपत्ये अल्पायुषी' असं लिहून मोकळे होतो. मोह झाला, पण कागद नाही, म्हणून रकाना कोरा सोडला.

१८४० च्या जनगणनेत पेन्शनरांची नावं आणि वयं मागच्या बाजूला वेगळी लिहिलेली असतात. पान उलटायला विसरू नका, मी विसरलो होतो.

घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहायला सुरुवात झाली १८५० च्या जनगणनेपासून. तिची नोंद १ जून १८५० रोजी घरात जे असतील त्यांची. मार्टिन २ मेला गेला. बरोबर तीस दिवस. आज एक जूनच आहे, चहा पिताना लक्षात आलं.

९ जून

मोजणी. हा माझा प्रांत, म्हणून इथे सगळ्यात जोरात आपटलो.

त्या किनाऱ्यावरच्या जुन्या खरेदीखतांत हद्दी अशा असतात: अमक्या बीचच्या झाडापासून अमुक दिशेला इतके 'रॉड', तिथून दगडांच्या राशीपर्यंत, तिथून पाण्याच्या कडेने सुरुवातीच्या जागी. हात बसावा म्हणून एक शेजारचं जुनं खत घेतलं आणि आलेख कागदावर काढलं. क्षेत्र आलं खतातल्यापेक्षा चौपट. पुन्हा काढलं, पुन्हा चौपट. दुपारभर खत लिहिणाऱ्याला शिव्या दिल्या.

मी रॉडला साखळी धरत होतो. आपली मुंबई इलाख्यातली मोजणीची साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची. एक साखळी चौरस म्हणजे एक गुंठा, ४० गुंठे एकर. रॉड साडेसोळा फुटांचा, म्हणजे बरोबर आठ आणे. लांबी दुप्पट धरली की क्षेत्र चौपट. १६० चौरस रॉड म्हणजे एक एकर, हे भिंतीवर चिकटवलं. गुंटरची साखळी ६६ फुटांची, आपल्या दोन. माप कळल्यावर गणित घरचंच निघालं. मार्टिनचे १०० एकर म्हणजे ४००० गुंठे. आमच्या वाडीत एवढी जमीन सगळ्या भावक्या मिळून नाही.

दुसरी चूक दिशेची. जुने कोन होकायंत्राचे, आणि होकायंत्राची उत्तर शे-दोनशे वर्षांत काही अंशांनी सरकते. आजच्या नकाशावर जसेच्या तसे लावले तर शेत समुद्रात जातं. माझं गेलं.

१६ जून

आज नॉक्स. या माणसावर दोन आठवडे वाचतोय आणि रोज मत बदलतंय.

हेन्री नॉक्स, वॉशिंग्टनचा तोफखान्याचा सेनापती, पुढे देशाचा पहिला युद्धमंत्री. टायकॉन्डरोगाच्या किल्ल्यावरच्या तोफा बर्फातून ओढत बॉस्टनला आणल्या तो हाच. यॉर्कटाउनला तोफा याच्या, खणणारे हात मार्टिनच्या तुकडीचे. दोघांच्याही बायकांचं नाव लूसी. नॉक्सची लूसी फ्लकर ही सॅम्युअल वॉल्डोची नात. वॉल्डोकडे इंग्रज अमदानीतली सनद होती, मस्कॉंगस आणि पेनॉबस्कॉट या नद्यांमधल्या जवळपास ६ लाख एकरांची. लूसी फ्लकरचं माहेर इंग्रजांच्या बाजूचं, ते देश सोडून गेलं. युद्धानंतर नॉक्सने बायकोच्या हक्काने आणि बऱ्याच खटपटी करून ती सगळी स्वतःकडे घेतली.

आता चित्र बघा. १७८४ पासून तिथे मार्टिनसारखी माणसं जंगल तोडून बसलेली. त्यांच्या लेखी जमीन राजाकडून हिसकावून घेतलेली, जो कसेल त्याची. आणि दहा-बारा वर्षांनी त्यांचाच जुना सेनापती सनद घेऊन येतो आणि म्हणतो, तुम्ही माझ्या जागेत आहात. म्हणजे खोत आणि कूळ. मुलीला एवढंच सांगितलं आणि तिला सगळं समजलं, कारण तिच्या पणजोबांनी खोताला अर्धल घालून काढलेले दिवस तिने आजीकडून ऐकलेत. आपल्याकडे खोती १९४९ च्या कायद्याने गेली. इथे कुळांनी काय केलं? काही भागांत माणसं इंडियनांसारखी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांसारखी, तोंडं रंगवून, अंगावर घोंगड्या घेऊन मालकांच्या मोजणीदारांवर चालून गेली. पुढे १८०८ साली मॅसॅच्युसेट्सने कायदा केला, की कुळाला उठवायचं तर त्याने केलेल्या सुधारणांचा मोबदला द्या. मी वाचताना पूर्णपणे कुळांच्या बाजूने होतो, फक्त मोजणीदार पळाले तिथे जरा हात थबकला. १९८८ साली एका वाडीत माझ्याही फ्लॅग उपटल्या होत्या. मोजणीदाराची त्यात मालकी नसते, मार मात्र पहिला त्याला.

मार्टिनने तोंड रंगवल्याचा कागद नाही. त्याने अर्ज केला. १७९७ साली नॉक्सचा हक्क मान्य झाला आणि मार्टिनच्या १०० एकरांची किंमत ठरली १७० डॉलर, सहा वर्षांच्या हप्त्यांनी. साध्या शिपायाच्या दराने हा साडेपंचवीस महिन्यांचा पगार. थकलेला पगार जवळपास सत्तर महिन्यांचा. हा हिशेब मी वहीत दोनदा केला, खरं वाटेना म्हणून. १८०१ साली मार्टिनने नॉक्सला पत्र लिहिलं, मी आणि माझं कुटुंब आपल्या दयेवर आहोत अशा अर्थाचं. तेव्हा घरात दोन वर्षांचा जोसेफ. नॉक्सने दखल घेतल्याचा पुरावा नाही. १८११ पर्यंत शेत निम्मं झालं होतं आणि १८१८ पर्यंत काहीच उरलं नव्हतं.

मघाशी म्हटलं मत बदलतंय, ते यासाठी: नॉक्सही कर्जात बुडाला होता. थॉमस्टनला मोठा वाडा बांधला, लाकूड, चुना, जहाजं अशा दहा धंद्यांत हात घातला. तेरा मुलांपैकी दहा मोठी व्हायच्या आत गेली. १८०६ साली कोंबडीचं हाड घशात जाऊन वारला आणि मागे घेणेकरी ठेवून गेला. देणी असलेला खोत कुळाला जास्त पिळतो, हे आमच्याकडचं जुनं गणित. त्याने मार्टिनचं १७० डॉलरांचं ओझं हलकं होत नाही.

२२ जून

सगळ्या फाईलमधलं मुख्य पान आज टंकून झालं. पाऊण दिवस लागला.

१८१८ च्या कायद्याने गरजू शिपायांना पेन्शन मिळू लागली. मार्टिनला मंजूर झाली वर्षाला ९६ डॉलर. इतके अर्ज आले की १८२० साली सरकारने फर्मावलं, प्रत्येकाने कोर्टात येऊन आपल्या मालमत्तेची यादी शपथेवर द्यावी. गरीब असल्याचं सिद्ध करा, नाहीतर नाव काढू. त्या यादीत मार्टिन सांगतो: स्थावर नाही, जंगम नाही, उत्पन्न नाही. अंथरूण आणि अंगावरचे कपडे सोडून आहेत त्या दोन गाई, सहा मेंढ्या आणि एक डुक्कर. मी मजूर आहे, पण वयामुळे आणि दुखण्यामुळे काम होत नाही. बायको आजारी, संधिवाताची. मुलं पाच. पेन्शनवाचून घर चालवणं अशक्य.

दोन महिने जिला शोधतोय ती लूसी इथे, डुकराच्या खालच्या ओळीत. जनगणनेत ती एक आकडा होती. इथे तिचे सांधे दुखताहेत. हाही कागद तिच्यासाठी लिहिलेला नाहीच, सरकारने नवऱ्याला अपंगत्व आणि दारिद्र्य मोजून दाखवायला लावलं म्हणून ती आली. तेव्हा ती ४४ वर्षांची, धाकटी सूझन आठ.

कोणी असं काम करणार असेल तर माझा सल्ला: शौर्याचे दाखले मागाहून वाचा, आधी गरिबीचा कागद शोधा. मी उलट केलं म्हणून दोन महिने लागले. आमच्या कुलवृत्तांतातही पणजीचं नाव मला सनदेत मिळालं नाही, सावकाराच्या खतावरच्या साक्षीत मिळालं, अंगठ्याखाली.

६ जुलै

मेनची फेरी. जाऊन येऊन दोन दिवस, एका बाजूला सुमारे चार तास. पेट्रोल ६८ डॉलर, मोटेल १४२, कालवणाऐवजी लॉबस्टरचे पाव ४ माणसांचे ११६ (हा खर्च फाईलमध्ये धरू नये असं मुलीचं म्हणणं, मी धरलाय).

सँडी पॉइंटच्या दफनभूमीत भर दुपारी पोचलो. ही चूक. डोक्यावरच्या उन्हात दगड सपाट दिसतो, कोरलेली अक्षरं बुजून जातात. काहीजण खडू घासतात किंवा दाढीचा फेस लावतात. तसं करू नका, जुना दगड खराब होतो. जावयांनी गाडीच्या काचेवर लावायची चंदेरी झडप काढली आणि बाजूला उभं राहून तिरका प्रकाश टाकला. आरसा डोलवावा तशी हळूहळू. एका कोनात येताच सावल्या पडल्या आणि 'रेव्होल्यूशन' शब्द आख्खा वर आला, मोजणीच्या दगडावरचा बाण पावसात दिसतो तसा. लूसीही इथेच पुरलेली आहे. डास भयंकर होते, नातीचा डावा डोळा सुजला.

मग प्रॉस्पेक्टला गेलो. नदीवरच्या नव्या पुलाच्या शेजारी ग्रॅनाइटचा प्रचंड किल्ला आहे. बांधायला सुरुवात १८४४ ची, तेव्हा मार्टिन ८३ वर्षांचा, जवळच राहणारा. किल्ल्याचं नाव फोर्ट नॉक्स. तिकिटाच्या खिडकीपाशी मी जावयांना म्हटलं, तुम्ही जा आत, मी बाकावर बसतो. नात म्हणाली, आजोबा, तोफा आहेत. मग गेलो. खोताच्या वाड्यात तिकीट काढून. तोफा चांगल्या आहेत.

१४ जुलै

फाईलचा पहिला रकाना बदलला. जमिनीच्या वंशावळीत मी सुरुवात 'वॉल्डो सनद' अशी केली होती. फेरफार वाचणाऱ्याने असं करणं बरोबर नाही, पहिल्या नोंदीच्या मागे कोण होतं हे विचारायचं असतं. नदीचं आणि तिथल्या मूळ लोकांचं नाव एकच, पेनॉबस्कॉट. ते आजही आहेत, वरच्या अंगाला ओल्ड टाउनजवळच्या बेटावर. १७५५ साली मॅसॅच्युसेट्सच्या लेफ्टनंट गव्हर्नराने त्यांना मारून टाळूची कातडी आणणाऱ्याला इनाम लावलं होतं. चार वर्षांनी त्या मुखाशी फोर्ट पाउनल बांधला, आणि मग वसाहतवाल्यांची रीघ लागली. मार्टिनची १०० एकर ही त्यानंतरची गोष्ट. नॉक्सशी भांडायला ज्यांनी इंडियनांचं सोंग घेतलं, ते कोणाच्या जागेत उभं राहून घेतलं, हे सोळा जूनच्या नोंदीत लिहायचं राहिलं. तिथे खाडाखोड न करता इथे लिहितो.

२८ जुलै

हिशेब. वेळ: साडेतीन महिने, रोज दोन-अडीच तास. त्यातले वाया सुमारे तीस दिवस: चुकीचा मार्टिन ११, आठवणी ४, गावाचं नाव ६, मोजणी ३, बाकी किरकोळ. पैसे: छपाई आणि झेरॉक्स ३१ डॉलर, मेनची फेरी वर लिहिली तेवढी. कागद सगळे ऑनलाइन फुकट.

राहिलेलं काम. प्रॉस्पेक्टच्या गावकारकुनाची दप्तरं. मार्टिन वीसहून जास्त वर्षं गावचा टाउन क्लर्क होता, म्हणजे आपल्याकडचा ग्रामसेवक म्हणा. गावातल्यांचे जन्म, लग्नं आणि मरणं नोंदवणं हे त्याचंच काम. जमीन गेली, कारकुनी राहिली. त्याच्या हातची अक्षरं पेन्शनच्या फाईलमधल्या सहीशी लावून बघायची आहेत. त्यासाठी पुन्हा मेनला जावं लागेल आणि मला १२ ऑगस्टचं विमान आहे. मुलगी म्हणते मी जाऊन फोटो काढून पाठवीन. तिला लांब एस ओळखायला शिकवलाय. वही तिच्या टेबलाच्या डाव्या खणात ठेवली आहे, लाल शाईचं पेनही तिथेच.